अकोंगांचं जेवण उरकेना

अकोंगांच्या, म्हणजे आजोबांच्या, वार्षिक श्राद्धाचं ताट बरोबर बाराला मांडलं, आणि पाऊण वाजला तरी अकोंगांचं जेवण काही उरकलं नव्हतं.

अमाने, म्हणजे आजीने, तिसऱ्यांदा दोन नाणी ओंजळीत घोळवली, देव्हाऱ्यातल्या अकोंगांच्या नावाच्या पाटीकडे बघून पुटपुटली, "अहो, झालं का जेवून?" आणि नाणी फरशीवर सोडली. एक गरगरत टेबलाखाली गेलं. त्यांची नात पेइजेन गुडघ्यावर बसून वाकली.

"छापा," ती म्हणाली. "इकडे पण छापा."

"हसतोय म्हातारा," अमा म्हणाली.

एक छापा, एक काटा पडला की समजायचं, पूर्वज तृप्त झाले, आता त्यांच्यासाठीच्या कागदी नोटा जाळा आणि तुम्ही जेवायला बसा. दोन्ही काटे म्हणजे नाही. दोन्ही छापे म्हणजे नुसतं हसणं, उत्तर नाही. पहिल्या खेपेला काटे पडले होते, मग दोनदा हसू. टेबलावर मासा, उकडलेली कोंबडी, कोवळ्या बांबूच्या कोंबांचं सूप, तळलेले शेवयांचे पुंजके, असे अकरा पदार्थ निवत पडले होते, आणि सहा जिवंत माणसं उपाशी उभी होती.

यात अजब ते काय, तर जिवंतपणी अकोंगांना जेवायला कधी सात मिनिटांवर लागली नव्हती. ज्या वर्षी मोठं वादळ आलं, त्या वर्षी एका हातात भाताचा वाडगा आणि दुसऱ्या हाताने सोया सॉसच्या रांजणाचं झाकण दाबून धरून ते अंगणात जेवत होते. वाऱ्याने झाकण उचललं ते त्यांच्यासकट, आणि नदीपलीकडच्या उसात नेऊन टाकलं. चालत परत आले तेव्हा वाडगा रिकामा होता, पण पाऊस म्हणाल तर त्यात एक थेंब पडू दिला नव्हता. अमा ही गोष्ट दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी नदी थोडी रुंद होते.

"त्यांना काहीतरी खुपतंय," सुकिनआत्या म्हणाली. ती ताइचुंगला तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती आणि मेलेल्या बापालाही वर्गातल्या मुलासारखं वाचायची. "विचार करून उत्तर देणार आहेत. घरात कसला निर्णय अडलाय का?"

सगळ्यांनी पेइजेनकडे बघितलं.

पेइजेनने मागच्या खिशावर हात ठेवला. तिथे चार घड्या घातलेला कागद होता, आणि कागदावर परदेशातल्या चौदा विद्यापीठांची नावं. दुसऱ्या खिशात फोन होता, आणि फोनवर सुंग सरांचा सकाळचा निरोप: *दोन वाजेपर्यंत नावं पाठव. किती ते नको सांगूस, कुठली ते सांग. मी प्रत्येकाला वेगळं पत्र लिहितो. उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग महिनाभर अक्षर दिसणार नाही.* सुंग सर म्हणजे तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांच्या शिफारसपत्राशिवाय पीएचडीचा अर्ज म्हणजे बिनाबुरशीचे सोयाबीनचे दाणे. कितीही वाट बघा, सॉस होत नाही. गेल्या वर्षी तिने तीन ठिकाणी अर्ज केले होते. तिन्ही नकार एकाच आठवड्यात आले, त्यातला एक तर तिच्या वाढदिवशी. वय सव्वीस. या वर्षीही हुकलं तर बाबा काही बोलणार नव्हते, नुसती तिच्या नावाची रबरी बुटांची जोडी रांजणांच्या अंगणात आणून ठेवणार होते, हे तिला ठाऊक होतं.

"दोन वाजेपर्यंत कळवायचंय," ती म्हणाली. "किती ठिकाणी अर्ज करायचा ते."

"मग तेच," अमा म्हणाली. "ऐकल्याशिवाय उठायचा नाही तो. सांगा त्याला. किती?"

"वीस," वुनहिंगकाका ताबडतोब म्हणाला.

वुनहिंगकाका हा बाबांचा धाकटा भाऊ. घरच्या सोया सॉसच्या धंद्याचं बोलणंचालणं, बाटल्या, लेबलं, दुकानदार हे सगळं त्याच्याकडे, आणि रांजण बाबांकडे. काकाला तीन वर्षांपासून रांजणांच्या जागी स्टीलच्या टाक्या हव्या होत्या. बाबा त्याला उत्तर म्हणून फक्त एका रांजणाचं झाकण उघडून वास देत, आणि त्या वासापुढे काकाचं काही चालायचं नाही. मात्र पेइजेन दोन्ही करायची. वासही द्यायची आणि बुरशीचे आकडेही तोंडावर फेकायची.

"वीस का?" आत्याने विचारलं.

"पोरगी हुशार आहे. जगाला कळू दे. फी मी भरतो सगळी."

"तू भरतोस?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचं नाव लीहुआ. पहाटे चारपासून ती चुलीपुढे होती, आणि अर्ज वीस असोत की दोनशे, तिला फक्त मासा गरम असताना खाल्ला जायला हवा होता. "परवा बाटल्यांची बुचं महाग झाली म्हणून रडत होतास."

"वहिनी, बुचं वेगळी, शिक्षण वेगळं."

बाबा देव्हाऱ्याच्या बाजूला उभे होते. वुनतुंग त्यांचं नाव, पण गावात त्यांना नावाने कोणी हाक मारायचं नाही, कारण हाक मारली तरी ते पटकन ओ द्यायचे नाहीत. आताही ते उदबत्तीच्या राखेकडे बघत म्हणाले, "दोन."

"दोन?"

"सगळ्यांत वरच्या दोन. जायचंच तर तिथे. नाहीतर कशाला जायचं? आपण काय हलका माल आहोत का?"

आत्याचा चेहरा उजळला. "हे मात्र बरोबर. मीही मुलांना हेच सांगायचे. पसारा नको. उत्तम ते एक-दोन धरा आणि जीव ओता. वुनहिंग, वीस ठिकाणी अर्ज म्हणजे वीस दारांत भीक मागितल्यासारखं दिसतं."

झालं, दोन पक्ष पडले. पेइजेन मधे उभी होती, आणि तिच्या पायाचा अंगठा चपलेत वरखाली, वरखाली होत होता. घड्याळात बारा बावन्न.

"थांबा, त्यालाच विचारू," अमा म्हणाली. तिने नाणी हातात घेतली. "ऐका हो. तुमची नात अमेरिकेत बुरशी शिकायला जाते म्हणते. अर्ज दोन करू दे?"

काटा, काटा.

"नाही म्हणतोय."

"वीस विचार, आई," काका म्हणाला.

"वीस करू दे?"

काटा, काटा.

"अकोंगांना जेवायचं असेल, मधे काय त्यांना कामाला लावता?" आई म्हणाली. "मासा परत तळू का?"

आईने मासा उचलून आत नेला.

"ऐक, पेइजेन," आत्या जवळ आली आणि तिने पेइजेनचा दंड धरला. "त्या वरच्या दोन्हींत घेतात किती?"

"एकेका ठिकाणी, माझ्या विषयात? चार. पाच कधीकधी."

"आणि अर्ज?"

"तीनशे. साडेतीनशे."

आत्याने डोळे मिटले. तीस वर्षं फळ्यावर मांडलेली गणितं तिच्या पापण्यांमागून सरसर गेली असावीत, कारण डोळे उघडले तेव्हा तिचा स्वर बदललेला होता.

"वुनतुंग."

बाबा राखच बघत होते.

"दादा, मी तुझ्याशी बोलतेय. तुला हे आकडे माहीत होते?"

"मला काय माहीत असणार. मी रांजणवाला."

"माहीत होते. म्हणूनच दोन म्हणालास. दोन म्हणजे शून्यच, फक्त जरा बरे कपडे घालून आलेलं." आत्याने दंड सोडला. "माझ्या बाबतीत पण आपल्या बाबांनी असंच केलं होतं. तायपेईच्या मुलींच्या कॉलेजात नंबर लागला तर जा, नाहीतर नको. एकच कॉलेज. तेव्हा मला वाटलं होतं, माझा मान राखतायत."

देव्हाऱ्यातली उदबत्ती वाकली आणि राख टेबलावर पडली. अकोंगांच्या पाटीवर त्यांचं आडनाव झांग असं लिहिलेलं होतं. या घराण्याची रीतच तशी, जिवंतपणी लियाव, मेल्यावर झांग. आत्या त्या पाटीला म्हणाली, "राग नाही धरला मी. पण विसरलेही नाही." मग वळून म्हणाली, "वीस. मी वुनहिंगच्या बाजूने."

"अरे वा," काका म्हणाला. "ताई प्रथमच माझ्या बाजूने. कुणीतरी फोटो काढा."

आता पक्ष पालटले. बाबा एकटे पडले. ते एकटे पडले की नेहमी अंगणात जातात, पण आज उदबत्ती संपेपर्यंत थोरल्या मुलाला देव्हारा सोडता येत नव्हता, म्हणून ते जागच्या जागी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिले. पेइजेनला ते बघवेना. तिने घड्याळ बघितलं. एक वाजून आठ.

"तिथे गाईचं मांस खातात," बाबा शेवटी म्हणाले. लियाव घराण्यात ते वर्ज्य.

"तिथे अंडीपण मिळतात, बाबा."

"आणि त्या फॉर्मात काय काय विचारतात," काका हसत म्हणाला. "मी बघितला. आधी कुठलं दुसरं आडनाव होतं का, असं विचारतात."

"मग लिही की," अमा म्हणाली. "अजून नाही, मेल्यावर झांग होईन."

आत्यासुद्धा हसली. हसता हसता अमा खुर्चीत टेकली आणि गुडघे चोळत सहज बोलल्यासारखं बोलली, "वीस तर वीस. पाच-सहा वर्षांचा प्रश्न आहे. डॉक्टर होऊन परत येईल. मग बुरशीची डॉक्टर म्हणून हिचा शब्द शेवटचा. रांजणाला हात लावायचा तर हिला विचारून."

काकाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे नासलं. वीस अर्ज म्हणजे पोरगी घरातून बाहेर, इथपर्यंत त्याने हिशेब केला होता. परतीच्या विमानाचा केला नव्हता.

"म्हणजे, वीस..." त्याने मान खाजवली. "वीस जरा जास्तच होतात. सुंग सरांचे डोळे आधीच तसे. वीस पत्रं लिहायची म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा जीव घेणं झालं."

"आता कसा कळवळा आला?"

"ताई, मी माणुसकीचं बोलतोय. चार-पाच पुरेत. किंवा दादा म्हणतो तसं, दोन. दोनही वाईट नाही."

"वुनहिंग, तू ना, बाटलीला कसंही लेबल लाव, आत तूच असतोस."

"आई, हिला सांग ना काहीतरी."

अमा तोंडावर रुमाल धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. पेइजेनला तेव्हा कळलं की म्हातारीचं ते बोलणं अजिबात सहज नव्हतं.

एक वीस. तिने कागद काढला आणि उघडला. या घरात कुणी आकडा सांगत नव्हतं. प्रत्येक जण आपल्याला काय हवं ते सांगत होता आणि त्याला आकड्याचा सदरा घालत होता. आणि तिचे चौदा? त्यांचंही काही वेगळं नव्हतं. चौदा म्हणजे गेल्या वर्षीच्या तीन नकारांची धास्ती, चौदा तुकड्यांत कापलेली. त्यातल्या अर्ध्या ठिकाणी कोण शिकवतं हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

"बारा," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "बारा विचार, अमा."

नाणी पडली. छापा, छापा.

"हसला."

"मी पण हसले असते," पेइजेन म्हणाली.

तेवढ्यात आई मासा घेऊन बाहेर आली. दुसऱ्यांदा तळलेला, कडा करपलेल्या. तिने थाळी ठेवायला टेबलावर जागा केली, वाडगे सरकवले, जेवायच्या काड्या सारख्या केल्या, आणि मग हात तसाच हवेत ठेवून थांबली.

"सॉसची वाटी कुठेय?"

सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं. अकरा पदार्थ, सहा वाडगे भात, तीन पेले दारू, काड्यांच्या जोड्या. सॉस नव्हता. चार पिढ्या सोया सॉस घालणाऱ्या घरात, ज्या घरात वारा पडला तरी सॉसचा वास येतो, त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटाला सॉस नव्हता.

"मग कसा जेवेल तो," अमा हळू आवाजात म्हणाली. "कोरडी कोंबडी चावत बसलाय तासभर."

वाटी ठेवायचं काम थोरल्या मुलाचं. श्राद्धाच्या पहाटे पहिल्या ओळीतल्या पहिल्या रांजणाचं झाकण उघडायचं, मिठाचा थर बाजूला करायचा, वाटी भरायची. बाबांनी ते बावीस वर्षं केलं होतं. पाठीचा मणका सरकला होता त्या वर्षी रांगत जाऊन केलं होतं.

"विसरलो," बाबा म्हणाले.

"तू?" आत्या म्हणाली.

"पहाटे मी यांना रांजणांपाशीच बघितलं की," आई म्हणाली. "तासभर होतात तिथे. काय करत होतात?"

"बसलो होतो."

"कशाला?"

उदबत्ती आता संपली होती. बाबा सरळ अंगणात गेले. झाकणाची ओळखीची घरघर ऐकू आली, आणि ते वाटी दोन्ही हातांनी धरून परत आले. काळाभोर, जाडसर सॉस वाटीच्या कडेला चिकटून होता. त्यांनी ती कोंबडीजवळ ठेवली, हात जोडले, आणि अमाने नाणी टाकली.

छापा, काटा.

"उरकलं," अमा म्हणाली. "बसा आता. लीहुआ, भात वाढ."

सगळे बसले. नोटा जाळायचं काम काकाने अंगावर घेतलं, कारण त्याला त्या क्षणी घरात बसवत नव्हतं. एक पस्तीस झाले होते. पेइजेनने काड्या उचलल्या नाहीत. तिने आईच्या यादीचं पेन्सिलचं थोटूक मागितलं, कागद वाडग्याशेजारी पसरला आणि एकेका नावावर बोट ठेवायला लागली. समजा, फक्त हिनेच घेतलं, बाकी सगळ्यांनी नाकारलं. तर मी बॅग भरेन? पहिलं नाव: हो. दुसरं: नाही, तिथे फक्त नाव मोठं. तिसरं: नाही. चौथं: हो, तिथली बाई तांदळाच्या बुरशीवर काम करते. पेन्सिल चालत गेली. एका नावावर ती बराच वेळ थांबली आणि मग त्यावरही काट मारली.

"किती उरल्या?" आत्याने विचारलं.

"पाच."

"अकोंगांना नको का विचारायला?"

"नको," पेइजेन म्हणाली. "त्यांचं जेवण झालंय."

अमाने मान डोलावली आणि कोंबडीचा पाय उचलला. पेइजेनने फोन काढला आणि पाच नावं लिहिली.

"बर्फवाली का खोडलीस?" बाबांनी विचारलं.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाबा मान खाली घालून भात खात होते.

"कुठली?"

"नऊ नंबरची. उत्तरेला, तळ्यांपाशी. तिथे तो म्हातारा आहे, दाढीवाला. आपल्या रांजणातल्यासारख्या काळ्या दाण्यांवर तोच एकटा काम करतो. बाकी सगळे पिवळ्यावर." ते घास गिळायला थांबले. "त्याचा एक विद्यार्थी गेल्या वर्षी शिकून बाहेर पडला. जागा रिकामी आहे. खाली लिहिलंय त्यांच्या पानावर, बारीक अक्षरात."

पेइजेनने फोन खाली ठेवला.

"तुम्ही वाचलंत?"

"फोन भाषांतर करतो. वेडंवाकडं करतो, बुरशीला कधी कधी दाढी म्हणतो. पण कळतं." बाबांनी काडीने भात एकत्र केला. "तुझ्या टेबलावरच्या यादीतल्या चौदाच्या चौदा वाचल्या. आठवडाभर वाचतोय. ही राहिली होती, ती आज पहाटे."

म्हणजे पहाटेचा तो तास. पेइजेनला डोळ्यांपुढे दिसलं: पहिल्या रांजणाला पाठ टेकून बसलेले बाबा, नाकावर चष्मा, हातात फोनचा निळा उजेड, आणि शेजारी रिकामी वाटी.

"तिथे उणे तीस असतं, बाबा. सहा महिने. म्हणून खोडली."

"वाचलं मी. वाचून बरं वाटलं. म्हटलं, ही जायची नाही तिथे." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "पण तुझं काम त्यालाच कळेल. बाकीच्या पाचांना समजावून सांगावं लागेल. पाच नको. सहा कर."

आईने तोंडाजवळ नेलेला घास परत वाडग्यात ठेवला. आत्याने नाक ओढलं आणि उगाचच पाण्याचा पेला सरकवला. एक त्रेपन्न. पेइजेनने सहावं नाव लिहिलं. घाईत दोन अक्षरं चुकली, पुसून परत लिहिली. पाठवलं. लगेच सरांचं उत्तर आलं: *सहा ठीक. नऊ असती तर ओरडलो असतो.*

"गेलं?" अमाने विचारलं.

"गेलं."

"मग जेव."

तिने काड्या उचलल्या, पण भूक कुठे सापडेना. उत्तरं फेब्रुवारीत, मार्चमध्ये. तोवर रोज सकाळी फोन बघायचा, सहा दारांवरची कडी हलली का ते. गेल्या वर्षीचे ते तीन शब्द तिला पाठ होते, कळवण्यास खेद होतो. आता ते सहा वेळा येऊ शकत होते.

"आणि सहांनीही घेतलं तर?" बाबा म्हणाले.

दुपारभर या घरात नकार मोजले गेले होते. विसातले किती, दोनातले किती, बारातले किती. होकार मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"तसं होत नाही, बाबा."

"मला वाटतं, होईल," बाबा म्हणाले, आणि आपल्या वाडग्यातला माशाचा गालाचा मऊ तुकडा काढून त्यांनी तिच्या भातावर ठेवला. "आठवडाभर झोप नाही मला त्या विचाराने."